बाबांच्या खोलीतली घरघर

हवेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मोठमोठ्या इमारतींच्या तळघरात पार्किंग असतं ना, तिथला धूर बाहेर कसा काढायचा आणि ताजी हवा आत कुठून घ्यायची, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो आणि गेली कित्येक वर्षं मिळतोय. नोएडा, गुडगाव, द्वारका, जिथे जमिनीखाली गाड्या उभ्या राहतात तिथे कुठे ना कुठे मी आखलेला एखादा डक्ट छताला लटकलेला सापडेल. ही फुशारकी आहे, पण खोटी नाही. म्हणून माझ्या वडिलांचा जुनापुराणा कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला आणि त्याच्या आवाजापायी घरात नको ते घडलं, तेव्हा त्याला ताळ्यावर आणायला माझ्याइतकं लायक माणूस अख्ख्या दिल्लीत नव्हतं, असं माझं आजही ठाम मत आहे.

आई-बाबा मयूर विहारला राहतात, मी नोएडात. बाबा सरकारी नोकरीत होते, हातमागाच्या कामात. माझं लहानपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं आणि बाबांचं निम्मं आयुष्य पानिपतच्या बसमध्ये. तिथल्या मागवाल्यांना चादरी, खेस, सतरंज्या यांची नवी डिझाइनं काढून द्यायची हे त्यांचं काम. आधी ते चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढायचे, मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी तसाच एक घरी घेतला, तेच डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून. पानिपतचे एक जुने कारखानदार अजूनही चादरीचं डिझाइन त्यांच्याकडूनच काढून घेतात. नव्या पोरांची डिझाइनं पडद्यावर छान दिसतात, पण मागावर चढल्यावर धागा कुठे सैल पडेल हे त्या पोरांना कळत नाही, असं ते कारखानदार एकदा म्हणाले होते. बाबा हे वाक्य आम्हाला अधूनमधून ऐकवतात, विषय कुठलाही चालू असो.

नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायचा विषय मी काढून पाहिला होता. पण ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही. जुन्या कॅबिनेटच्या मागच्या सॉकेटमध्ये किल्लीसारखा एक तुकडा बसवलेला आहे, तो असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि तसलं सॉकेट आता कुठल्याही मशीनला नसतं. विकणारी कंपनी कधीच बंद झाली. थोडक्यात, बाबांचं काम त्या एका खोक्यात अडकलेलं. मूळचं पांढरं, आता दुधाच्या चहाच्या रंगाचं झालेलं ते खोकं त्यांच्या टेबलाखाली उभं असायचं.

आता कव्हरबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात ज्याला प्लग आहे त्याला कव्हर आहे. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, वॉशिंग मशीनला आहे, आणि प्लग नसूनही गॅसच्या सिलिंडरला आहे. सगळी आईने शिवलेली. कॉम्प्युटरचं कव्हर तर तिने पानिपतहून आलेल्या जाड कापडाचं शिवलं, आत कापूस भरून, कडेने लाल पायपिन लावून. दिल्लीची धूळ बघता तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. इथे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. पण कॉम्प्युटर चालू असतानाही बाबा ते कव्हर काढायचे नाहीत, फक्त पुढचा भाग वर करायचे. कारण काय, तर आवाज कमी येतो. मे महिन्यात रजई पांघरून बसणाऱ्या माणसाचं जे होईल तेच मग त्या कॉम्प्युटरचं झालं. आतला पंखा वर्षानुवर्षं गरम हवाच गिळत राहिला, त्याच्या बेअरिंगची वाट लागली, तो घरघरायला लागला आणि शेवटी मशीन तापून मधेच बंद पडायला लागलं.

यावर बाबांनी स्वतःच उपाय केला. कव्हर काढलं, कॅबिनेटची एक बाजू उघडून ठेवली आणि समोर टेबलफॅन लावला. दिल्लीत तापलेल्या कुठल्याही वस्तूवर लोक हाच इलाज करतात, मग तो इन्व्हर्टर असो की पाहुणा. मशीन बंद पडायचं थांबलं, पण आता आतल्या पंख्याची घरघर, हार्ड डिस्कची कूं-कूं आणि वर टेबलफॅनचा खडखडाट अशी तिन्ही वाद्यं एकदम वाजायला लागली.

बाबांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. कानात यंत्र लावलं की बोलणं नीट ऐकू येतं, पण ते यंत्र बोलण्याबरोबर पंखाही वाढवून ऐकवतं. म्हणून कामाला बसताना ते यंत्र काढून त्याच्या छोट्या डबीत ठेवायचे आणि डबी टेबलावर. दुपारच्या चहानंतर बसले की दिवेलागणीनंतरच उठायचे. तेवढा वेळ बेल वाजो, कुकरच्या शिट्ट्या होवोत, बाबा त्यांच्या धाग्यांमध्ये.

आणि आई बोलत राहायची. स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्यामध्ये एकच दार आहे आणि ते कायम उघडं असतं. भाजी निवडता निवडता, कणीक मळता मळता ती त्या दारातून बाबांशी बोलायची. भाजीवाल्याचा उद्धटपणा, नागपूरच्या मावशीचे गुडघे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाला काय म्हणालं, माझा स्वभाव. प्रत्येक गोष्ट ‘अहो, सांगते काय’ अशी सुरू व्हायची. उत्तर कधी यायचं नाही आणि तिला ते नकोही असायचं.

“आई, त्यांना ऐकू येत नाहीये,” मी एकदा तिला म्हटलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि पुढे बोलायला लागली.

मागच्या एप्रिलमध्ये आई मागच्या बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेली आणि घसरून पडली. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला, उठता येईना. बाबा तेव्हा खोलीत काम करत होते, मधे एक स्वयंपाकघर काय ते. शेजारच्या आंटी त्यांच्या बाल्कनीत आल्या तेव्हा त्यांना आई जमिनीवर दिसली. त्यांनी येऊन बेल वाजवली, दार ठोठावलं, कुणी उघडेना. शेवटी त्यांच्याकडे ठेवलेली आमची जादा किल्ली लावून त्या आत आल्या. बाबांना काय झालं ते कळलं तेव्हा आंटी त्यांच्या खांद्याला धरून हलवत होत्या.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तोवर आईच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं. बाबा तिच्या पलंगाशी बसले होते, कानात यंत्र लावून. मी आईला विचारलं, “किती वेळ पडून होतीस गं? हाका मारल्या नाहीस?”

“मारून काय उपयोग होता?” आई म्हणाली.

बाबांनी हे ऐकलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली, आणि यातलं आधी काय आलं ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर बाबांनी कॉम्प्युटरवर कव्हर घातलं, टेबलफॅन माळ्यावर टाकला आणि काम बंद केलं. दिवसभर यंत्र कानात घालून ते सोफ्यावर बसायचे. आई स्वयंपाकघरात गेली की स्वयंपाकघराकडे बघायचे. ती बाथरूममध्ये गेली की दाराबाहेर उभे राहायचे. पानिपतच्या कारखानदारांचा फोन आला तर म्हणाले, “अब हमसे नहीं होगा जी.” मी तिथेच होते. ज्या माणसाने ताप असतानाही चादरीची किनार पुरी केल्याशिवाय गोळी घेतली नव्हती, तो माणूस असं बोलला. मला ते बघवेना. आईलाही बघवत नव्हतं, पण ती दुसऱ्याच पद्धतीने बोलायची.

“पहारेकऱ्यासारखे बसतात यार दिवसभर,” ती मला म्हणाली. “मी काय पळून चाललेय?”

एका शनिवारी बाबांनी मला सांगितलं, “ते खोकं घेऊन जा इथून. कबाडीवाल्याला दे, काय वाटेल ते कर.”

“नाही देणार,” मी म्हटलं. “मला थोडे दिवस द्या. तुम्ही यंत्र कानात ठेवून काम करू शकाल इतकं शांत करून देते मी ते. नाही जमलं तर मीच उचलून नेते.”

“तू तळघरांची हवा बघतेस. हे काय तळघर आहे?”

“तळघरच आहे. लहान आहे, एवढंच.”

बाबा बऱ्याच दिवसांनी हसले. मला तेवढं पुरे होतं. मी त्याच दुपारी कॅबिनेट बाल्कनीत नेऊन उघडलं.

आत जे होतं त्याला धूळ म्हणणं म्हणजे धुळीचा अपमान. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, उष्णता त्याच्यातून बाहेर पडावी म्हणून. त्या पात्यांमध्ये धूळ, कव्हरचा कापूस आणि पानिपतच्या नमुन्यांचे धागे मिळून चक्क एक जाड घोंगडं विणलं गेलं होतं. मी ते चिमट्याने उपसून बाबांना दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “वीण काही वाईट नाही.”

साफसफाई झाली. ठोकळ्याखाली उष्णता वर पोचवणारी पेस्ट असते, ती वाळून खडू झालेली खरवडून मी नवी लावली. मशीन तापायचं कमी झालं, पण आवाज होताच. आणि इथे मी तेच केलं जे माझे क्लायंट करतात आणि ज्यावर मी मीटिंगमध्ये त्यांना झाडते. आवाज येतो ना, मग दाबा! जुन्या गादीतला फोम कापून मी कॅबिनेटला आतून सगळीकडे चिकटवला. वाटलं, झालं काम. आवाज खरंच निम्मा झाला, मी विजयी मुद्रेने चहा प्यायले, आणि चहा संपायच्या आत मशीन तापून बंद पडलं. आईची रजई बाहेरून होती, माझी आतून. एवढीच काय ती सुधारणा.

आई दारात उभी राहून हे बघत होती. हात गळ्यात, पण तोंड मोकळं. “अच्छा,” ती म्हणाली, “म्हणजे कव्हर माझं वाईट आणि तुझं चांगलं.”

फोम उपटला आणि मग मात्र मी जे मला येतं ते केलं. खोक्याला तळघर समजले. हवा कुठून येते, कुठे जाते, वाटेत कुठे अडते? पुढच्या बाजूला हवा आत यायला नावापुरत्या चिरा होत्या, मागे बाहेर जायला एक लहानसं भोक. प्रोसेसरवरचा चिमुकला पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा आणि आतल्या आत तीच गरम हवा घुसळत बसायचा. लहान पंखा फार वेगाने फिरवला की किंचाळतो. मोठा पंखा सावकाश फिरवला तर तेवढीच हवा गुपचूप वाहून नेतो. हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलेय.

नेहरू प्लेसहून एक मोठा पंखा आणला आणि मुद्दाम कमी व्होल्टेजवर चालवला. मागचा पत्रा कापून तो तिथे बसवला, आतली हवा बाहेर खेचायला. प्रोसेसरवरचा चिमुकला पंखा काढूनच टाकला. त्याच्या जागी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक बोगदा केला, एक तोंड ठोकळ्यावर, दुसरं तोंड मोठ्या पंख्यावर, म्हणजे बाहेर जाणारी सगळी हवा त्या पात्यांमधून गेल्याशिवाय सुटायची नाही. पुढच्या चिरा कापून रुंद केल्या आणि त्यावर मच्छरदाणीची जाळी दुहेरी लावली, धुळीसाठी. ती जाळी निघते, नळाखाली धुता येते. ही कल्पना आईला इतकी आवडली की तेवढ्यापुरतं तिने मला इंजिनिअर मानलं. वीज पुरवणारा डबाही जुना होऊन घरघरत होता. तो उघडायच्या फंदात मी पडले नाही, बंद केल्यावरही त्यात झटका राहू शकतो. नवा, कमी आवाजाचा आणला.

उरली हार्ड डिस्क. ती फिरते तेव्हा थरथरते, आणि लोखंडी चौकटीत स्क्रूने घट्ट बसवलेली असली की अख्खं कॅबिनेट तिच्याबरोबर कण्हतं. तिला कशालाच टेकू द्यायचं नाही, अधांतरी लटकवायची. त्यासाठी रुंद, चिवट इलास्टिक हवं होतं. त्या आठवड्यात माझं कामही सरोजिनी नगरच्या बाजूला होतं, तेव्हा मार्केटमध्ये शिरले. दुकानदाराने विचारलं, “सलवार के लिए कि पेटीकोट के लिए?” मी म्हटलं, “कंप्यूटर के लिए.” त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “मजबूत वाला दूँगा.” दिल्लीत कशाचंच कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही, म्हणून मला हे शहर आवडतं.

सीडी ड्राइव्ह कधीच मेला होता. तो काढून त्याच्या मोकळ्या खणात मी इलास्टिकचे आडवे पट्टे ताणले आणि हार्ड डिस्क त्यांच्यावर निजवली, सपाट, कुठेही पत्र्याला न लागता, आत येणाऱ्या हवेच्या वाटेतच, कारण पत्र्याला टेकली नाही तर तिची उष्णताही पत्र्यात जात नाही. बाबांच्या जुन्या रबरी चपलांचे तुकडे कापून कॅबिनेटला पाय केले. मग सुरू केलं.

मला वाटलं, सुरूच झालं नाही. मागे हात धरला तेव्हा कोमट हवा लागली. पडद्यावर अक्षरं उमटली. मी दिवसभर मशीन चालू ठेवलं, बाहेर लूचा गरम वारा वाहत होता, खोलीत नुसता छताचा पंखा, तरी ते बंद पडलं नाही. मी स्वतःवरच खूश झाले आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले. सवयीने हात कानाकडे गेला, यंत्र काढायला, आणि तिथेच थांबला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. आई स्वयंपाकघरात होती. तिने आवाज अजिबात न चढवता विचारलं, “अहो, चहा घेणार का?”

“अर्धा कप,” बाबा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पानिपतला फोन केला आणि नव्या चादरीचं काम घेतलं.

मग एक गंमत झाली. मशीन इतकं शांत झालं की ते चालू आहे की बंद हे कळेना. बाबा काही वेळासाठी उठले की पडदा काळा व्हायचा. आमच्या आईला काळा पडदा आणि चालू राहिलेलं बटण एकत्र दिसलं की राहवत नाही. घरभर फिरून बटणं बंद करणं हा तिचा व्यायाम. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. बाबा परत आले तर मशीन बंद. त्यांचं काही बिघडलं नाही, कारण पाणी प्यायला उठले तरी ते आधी सेव्ह करतात. आयुष्यात कधी सेव्ह न करता खुर्ची सोडली नाही, हे ते अभिमानाने सांगतात. पण आई ओशाळली. तिने स्वतःच त्या बटणावर आपली एक लाल टिकली चिकटवली. म्हणजे इथे हात लावायचा नाही.

तरी काहीतरी बिनसलं होतं, आणि ते आधी बाबांच्या लक्षात आलं. मी रविवारी गेले होते. त्यांनी मला हळूच खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते दार लोटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुझ्या आईला बरं नाहीये का?”

“का? हात बरा आहे तिचा. प्लास्टर निघालं की.”

“बोलत नाही गं. चहा हवा का, जेवायला वाढू का, बस. मी इथे यंत्र लावून बसतो, तर स्वयंपाकघरात नुसती भांडी वाजतात.”

मी बाहेर आले. आई कणीक मळत होती, डाव्या हाताने जास्त, उजव्याने बेताने. मी तिला सरळ विचारलं, ती बाबांवर रागावली आहे का.

“रागवायचं कशाला?” ती म्हणाली. मग थोडा वेळ मळत राहिली. “आता ते ऐकतात ना. ऐकणाऱ्या माणसापुढे तोंडाला येईल ते बोलता येतं का? विचार करावा लागतो. आणि विचार केला की बोलण्यासारखं काही उरतच नाही.”

मला हसू आलं, पण ती हसली नाही. मी आयुष्यभर हवेचे अडथळे काढत आलेय, आणि माझ्याच आईच्या बोलण्याला मी अडथळा करून ठेवला होता. यावर काय करायचं ते मला सुचलं नाही. म्हणून मी जे मला येतं तेच करायला बसले. उष्णतेने इलास्टिक सैल पडलं असेल, हार्ड डिस्क खाली टेकायला आली असेल, तर ते ताणून बघूया म्हणून पुढच्या रविवारी मी बाबांच्या खोलीत जमिनीवर बसून कॅबिनेट उघडलं. बाबा खुर्चीत बसून काम करत होते. नव्या चादरीचा कोपरा काढत होते, जिथे दोन किनारी येऊन भेटतात. तिथे नक्षी मोडू न देता वळवायची असते. बाबांच्या मते ते सगळ्यात अवघड काम असतं आणि त्यात कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

आई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. सुरीचा आवाज येत होता, संथ, कारण मनगट अजून पुरतं वळत नव्हतं.

“अहो, सांगते काय,” आई म्हणाली.

बाबांचा हात की-बोर्डवर थांबला. मी मान वर केली नाही.

“ऐकताय का?”

“ऐकतोय.”

“मी त्या दिवशी पडले ना.” सुरी चालू होती. “तेव्हा हाका मारल्याच नव्हत्या मी.”

बाबांची खुर्ची दाराकडे वळली.

“एकही नाही. सगळे धरून चालले की मी ओरडत होते आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्हीही तेच मनाला लावून घेतलंत. मी कुणाला सांगितलंच नाही, की असं नव्हतं म्हणून. तिथे पडल्या पडल्या मला तुमच्या खोलीतली घरघर ऐकू येत होती. म्हटलं, चालू आहे. मग हाक मारायचं मनातच आलं नाही.”

“रोज तर बोलायचीस तिथून,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

“बोलणं वेगळं हो. बोलायला कुणी नसलं तरी चालतं. हाक मारायची तर कुणी यायला लागतं.” सुरी दोनदा चालली. “माझी सवयच गेली होती.”

सुरी थांबली. मी हार्ड डिस्क दोन्ही हातांनी धरून बसले होते. ती हातात अगदी हलकी थरथरत होती आणि तिचा काही म्हणजे काही आवाज येत नव्हता.

“आता मार,” बाबा म्हणाले.

“आता कशाला? आता मी कुठे पडलेय?”

“तरी मार.”

सुरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलेल आणि विषय संपेल. पण या वेळी तिने तसं बोलू नये, असं मला वाटत होतं.

“अहो,” आईने हाक मारली. मोठ्याने नाही. मीठ संपलंय सांगायला मारावी तशी.

“आलो,” बाबा म्हणाले आणि उठून तिच्याकडे गेले. पडद्यावर चादरीचा कोपरा अर्धाच वळलेला होता. त्यांनी तो सेव्ह केला नव्हता.